प्रतिसाद: जुना पीसी की एनव्हीआर?
ऐरोलीचं रो-हाउस, चार सीसीटीव्ही कॅमेरे आणि पडून असलेला जुना पीसी; रेकॉर्डिंग त्यावरच करावं की एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा तयार डबा) घ्यावा, हा तुमचा प्रश्न. माझं मत सरळ एनव्हीआरला. पीसी चोवीस तास ६० वॅट खात राहिला तर महिन्याला ४३ युनिट. पीओई एनव्हीआर (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) कॅमेरे धरूनही साधारण निम्म्यात भागतो.

डिस्कचा हिशोब: कॅमेऱ्यामागे ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरले तर चौघांचे दिवसाला १७३ जीबी, २ टीबीत जेमतेम साडेअकरा दिवस. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) लावून २ एमबीपीएसवर आणलंत की दिवस दुप्पट.

पीसीवर फ्रिगेटच (चित्रातला माणूस ओळखणारं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) हवं असेल तर माणूस ओळखायला सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचा कमी रिझोल्यूशनचा व्हिडिओ) द्या. मेनस्ट्रीम (पूर्ण रिझोल्यूशनचा) दिलात की प्रोसेसर डीकोडिंगमध्येच, म्हणजे व्हिडिओ उलगडण्यातच, दमतो.

आणि हो, नेटवर्क केबलचे बाहेरचे आरजे-४५ जोड पावसाळ्याआधी वॉटरप्रूफ डब्यात घाला. पिना गंजून हिरव्या पडल्या की दिवसा ठीक चालणारा कॅमेरा रात्री आयआर (अंधारात पाहायचे इन्फ्रारेड दिवे) लागताच रीस्टार्ट होत बसतो, कारण तेव्हाच तो जास्त करंट ओढतो.