मदत हवी आहे: एक मोबाईल, २३ मुलं आणि वर्गात काडीभर नेटवर्क. कोणतं ॲप खरंच चालतं?

पाचवीच्या_बाई

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला एका जि. प. शाळेवर आहे. दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी-पाचवी माझ्याकडे, मिळून २३ मुलं एकाच खोलीत. सामान म्हणाल तर माझा स्वतःचा मोबाईल, लोकवर्गणीतून घेतलेला एक टीव्ही आणि एक लॅपटॉप ज्याची पिन जरा हलली की तो बंद पडतो. नेटवर्क वर्गात एक काडी, व्हरांड्यात दोन, आणि पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तर व्हिडिओ कॉलसुद्धा लागतो, पण टाकीपाशी शाळा भरवता येत नाही ना.

तर झालं असं की मागच्या शिक्षण परिषदेत आम्हाला एक यादी मिळाली, वर्गात वापरायची ऑनलाइन साधनं म्हणून, १४ नावं. मी उत्साहाने घरी येऊन रात्री अकरापर्यंत एकेक उघडून बघितलं. निम्म्यांना प्रत्येक मुलाकडे मोबाईल पाहिजे, काहींना ईमेल पाहिजे, काहींचं चार दिवसांनी "आता पैसे भरा" सुरू होतं.

काहूट, म्हणजे ती मोबाईलवरची प्रश्नमंजुषा, करून बघितलं. प्रश्न टीव्हीवर, आणि उत्तर द्यायला माझा मोबाईल, सरांचा मोबाईल आणि शालेय पोषण आहारवाल्या मावशींचा मोबाईल. एकेका मोबाईलवर सात-आठ मुलं. दोन मिनिटांत मोबाईल कोणी धरायचा यावरून भांडण, आणि बटण दाबणारी तीच तीन पोरं जी एरवीपण सगळ्यात आधी हात वर करतात.

मग गूगल फॉर्म करून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. २३ पैकी ९ आले. नऊच्या नऊ जणांना १० पैकी १०!! दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एकाला तोच प्रश्न फळ्यावर दिला तर म्हणतो, बाई, ते ताईने सोडवलंय.

मला चकाचक काही नकोय. माझी अडचण एवढीच आहे की मी "समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "होऽऽऽ" म्हणतो आणि त्या होऽऽऽमध्ये कोण खरं बोलतंय ते मला वही तपासेपर्यंत कळत नाही, आणि तीन वर्गांच्या वह्या तपासून होईस्तोवर धडा पुढे गेलेला असतो. तर एका मोबाईलवर, कमी नेटवर, मराठीतून, फुकट, प्रत्येक मुलाचं उत्तर वेगळं कळेल असं काही आहे का? आणि मुलांची नावं अशा साइटवर टाकावीत का? कृपया स्वतः वापरलेलंच सांगा, यादी माझ्याकडे आहे.

खडू_डस्टर

बाई, होऽऽऽ वाचून हसू आलं, आमच्याकडे पण तेच गाणं.

तुम्हाला पाहिजे त्याचं नाव प्लिकर्स. मोबाईल फक्त शिक्षकाकडे, मुलांकडे कागदाचं कार्ड. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनी ठोकळ्यांची एक आकृती असते, थोडी क्यूआर कोडसारखी दिसते, आणि प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलाला बी उत्तर वाटलं तर बी वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. तुम्ही मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा, कुठल्या नंबरच्या कार्डाने काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर येतं, बरोबर-चूक रंगात दिसतं. हजेरी घ्यायला लागतो त्यापेक्षा कमी वेळ.

गंमत म्हणजे आपलं अ ब क ड आणि त्यांचं ए बी सी डी बरोबर जुळतं, त्यामुळे मुलं गोंधळत नाहीत. आणि अक्षरं इतकी बारीक असतात की शेजारच्याने कुठली बाजू वर केली ते दुसऱ्याला कळत नाही. हा मुद्दा मला सगळ्यात भारी वाटतो.

४० कार्डांचा संच त्यांच्या साइटवरून फुकट उतरवता येतो, एका ए-फोर पानावर दोन कार्डं, म्हणजे तुम्हाला १२ पानांत काम होतंय. मी वापरलं तेव्हा फुकटात एका संचात पाचच प्रश्न बसायचे. पण खरं सांगू का, तासाला पाच प्रश्न पण जास्त होतात. दोनच विचारा.

बिट्स_आणि_भाकरी

मी शिक्षक नाही, पुण्यात आयटीत आहे, तरी बोलतो. एवढी तडजोड कशाला? कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे समाजकार्याच्या निधीतून १० टॅब मिळवा, एक रास्पबेरी पाय म्हणजे तो छोटासा कॉम्प्युटर घ्या, त्यावर कोलिब्री हे नेटशिवाय शिकायचं सॉफ्टवेअर टाका, शाळेतच छोटा सर्व्हर होईल, वायफायवर सगळे टॅब जोडा, इंटरनेटची गरजच नाही, सामग्री एकदा शहरात उतरवून न्यायची. प्रत्येक मुलाची प्रगती वेगळी दिसते.

खडू_डस्टर

@बिट्स_आणि_भाकरी साहेब, कोलिब्री चांगलंच आहे, वाद नाही. पण त्या १० टॅबचं चार्जिंग कोण करणार, स्टॉक रजिस्टरला कोण चढवणार, आणि एक फुटला की लेखापरीक्षणात उत्तर कोण देणार? एकाच माणसाचं नाव येतं तिन्हीला.

बिट्स_आणि_भाकरी

😄 मान्य. स्टॉक रजिस्टर हा प्रकार आमच्या डिझाइनमध्ये नसतो. बरं मग कोलिब्री त्या लॅपटॉपवरच टाका आणि टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडा, तेवढ्याने पण काम होतं. आणि बाई, त्या लॅपटॉपची पिन आधी दुरुस्त करून घ्या, बहुतेक जॅक सैल झालाय, फार महागाचं काम नाही ते.

जुनी_पाटी

मी निवृत्त केंद्रप्रमुख. मला एक कळत नाही. पाटी कुठे गेली? प्रश्न विचारा, मुलं पाटीवर उत्तर लिहितील, "दाखवा" म्हटलं की सगळ्यांनी पाटी वर. एका नजरेत कळतं कोणाचं चुकलं. ना नेट ना चार्जिंग. आम्ही १९८० च्या आसपास हेच करायचो आणि त्याला कोणी ॲप म्हणत नव्हतं.

पाचवीच्या_बाई

@जुनी_पाटी सर, पाट्या आहेत आणि वापरते मी. अडचण अशी की पाटी वर करताना मागची दोन रांग पुढच्यांच्या पाट्या बघून आपली पुसते. माझ्या डोळ्यांदेखत पुसतात हो, बोटाला थुंकी लावून! आणि २३ पाट्या बघेपर्यंत मला आठवत नाही कोणी काय लिहिलं होतं. म्हणून तर ते बारीक अक्षरांचं मला पटलं.

जुनी_पाटी

थुंकी लावून पुसण्याचं काही करता येणार नाही, ती परंपरा आहे. बरं, करून बघा कार्डाचं. पण चुकीचा पर्याय विचार करून द्या. उगाच तीन फालतू पर्याय आणि एक खरा असं दिलंत तर मुलं न समजताच बरोबर येतील. मूल जिथे हमखास फसतं तेच पर्यायात पाहिजे. हे कुठलं ॲप करून देणार नाही.

लातूरची_मास्तरीण

बाई मी तीन वर्षं वापरतेय प्लिकर्स, थोडं अनुभवाचं सांगते, जरा लांबेल.

नावं टाकू नका. यादीत मुलाच्या नावाच्या जागी नुसता हजेरी क्रमांक टाका, १, २, ३ असा, आणि कार्ड नंबर तोच ठेवा, ॲपला काही फरक पडत नाही आणि तुमच्याकडे हजेरीपट आहेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे, तर त्या भानगडीत पडायचंच कशाला. फोटो पण नको. मुलांचे ईमेल तर अजिबात काढू नका. काही शिक्षक हौसेने काढतात आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात.

दुसरं, तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर त्यातून कॉपी-पेस्ट करू नका, इंग्रजी अक्षरांची भेळ होते. मोबाईलवर मराठी कीबोर्डचा माइक दाबून बोला, बऱ्यापैकी टाइप होतं, फक्त अपूर्णांक हाताने घाला.

तिसरं, कार्डं लॅमिनेट करायची तर चकचकीत करू नका!! उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला दिसत नाही.

आणि टीव्ही आहे तर फेट बघा. कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ ला सुरू केला. गणित-विज्ञानाची हलती-बोलती, म्हणजे बोलत नाहीत पण हलतात, अशी साधनं. बरीचशी मराठीत भाषांतरित आहेत. मुख्य म्हणजे एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतलं की नंतर नेट नको. अपूर्णांकांचं आहे त्यात गोल, पट्टी, पेला असं कशातही भाग पाडता येतात. गोष्टी वाचायला स्टोरीवीव्हर, प्रथम बुक्सचं, मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये उतरतात, खुल्या परवान्याची आहेत म्हणून छापून वाटली तरी चालतं. सरकारचं दीक्षा ॲप तर तुमच्याकडे असेलच, पाठ्यपुस्तकातला क्यूआर घरून स्कॅन करून आधीच डाउनलोड करून ठेवा, वर्गात जाऊन गोल गोल फिरणारं चक्र बघत बसू नका.

एवढं सगळं एकदम नका सुरू करू. या सत्रात एकच.

पाचवीच्या_बाई

@लातूरची_मास्तरीण अहो तुमचा तिसरा मुद्दा मी आत्ता वाचला आणि परवाच तालुक्याच्या ठिकाणी जाऊन २३ कार्डं चांगली जाड, चकचकीत लॅमिनेट करून आणली. २५० रुपये गेले स्वतःचे 🤦‍♀️ आता उद्या बघते काय होतंय.

लातूरची_मास्तरीण

अरेरे. मी पण पहिल्या वर्षी तेच केलं होतं, म्हणून तर उद्गारचिन्हं दोन दिली.

पाचवीच्या_बाई

१२ दिवसांनी आलेय, सांगायचं होतं काय झालं ते.

चकचकीत कार्डं नाहीच चालली. खिडकीकडची आठ मुलं मोबाईलला दिसेचनात, नुसता पांढरा झगझगाट. मग परत साध्या कागदावर छापली आणि सरांच्या घरी लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, त्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवली. मागच्या बाजूला अजून "आमच्या येथे श्रीकृपेकरून" आहे, मुलं वाचत बसतात, तेवढंच वाचन.

वर्गात नेट मिळेना म्हणून वर्ग व्हरांड्यात बसवला. टीव्ही बाहेर आणता येत नाही तर प्रश्न फळ्यावर लिहिला. पहिल्या दिवशी निम्म्यांची बोटं आकृतीवर, "कडेला धरा, कडेला धरा" करत माझा घसा बसला. तिसऱ्या दिवशी जमलं.

आता खरी गोष्ट. चौथी-पाचवीला विचारलं, मोठा कोण? अ) १/४ ब) १/८ क) दोन्ही सारखे ड) सांगता येत नाही. जुनी_पाटी सरांचं ऐकून मुद्दाम फसवा पर्याय ठेवला. त्याआधी नेहमीसारखं विचारलं होतं, अपूर्णांक समजले का, होऽऽऽ आलेलं. मोबाईल फिरवला तर १४ पैकी १० लाल. दहा! त्यात माझा पहिला नंबरवाला पण. कारण आठ चारापेक्षा मोठा ना. मी दोन आठवडे ते शिकवत होते.

आणि हिरव्या चारांत एक मुलगी होती जी वर्षभरात माझ्याशी "बाई, पाणी प्यायला जाऊ?" याच्यापलीकडे बोललेली नाही. नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, तुला कसं कळलं गं. तर खाली बघून म्हणाली, "आठात वाटली की भाकरी बारकी येती."

दुसऱ्या दिवशी कागदाच्या भाकऱ्या कापल्या, मग लॅपटॉपवर फेटचं दाखवलं (पिन दुरुस्त केली, @बिट्स_आणि_भाकरी दादा, जॅकच होता). पुन्हा विचारलं, १/३ की १/५, तर चुकले तीन. त्या तिघांना वेगळं बसवून घेतेय आता, कोण ते माहितीय म्हणून तरी.

तक्रार एक आहे. स्क्रीनवर लाल-हिरवं दिसतं ते मुलांना कळलंय, तर कार्ड दाखवून झालं की सगळी माझ्या मोबाईलभोवती गराडा घालतात "माझं काय आलं, माझं काय आलं" करत, आणि एकाने चुकलेल्याला चिडवलं. त्यावर काय करता तुम्ही?

लातूरची_मास्तरीण

भाकरी बारकी येती 👌

मोबाईल लगेच खिशात घालायचा. कोणाचं काय आलं हे वर्गात सांगायचंच नाही, फक्त "१० जण वेगळं म्हणतायत, का बरं?" एवढंच. मग एकेका पर्यायाची बाजू कोणी घ्यायची ते विचारायचं, त्याने तो पर्याय दिलेला असो वा नसो. आठवड्याभरात गराडा बंद होतो. टीव्हीला जोडलंत तरी नावानिशी उत्तरांचा तक्ता मुलांसमोर आणू नका, नुसता प्रश्न दाखवा.

जुनी_पाटी

दहा लाल वाचून बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं, पण कळलं ना. तो पाणी प्यायला जाणाऱ्या मुलीचा क्रमांक लक्षात ठेवा, पुढच्या वेळी फळ्यापाशी तिला बोलवा, पण एकटीला नको, मैत्रिणीबरोबर.

खडू_डस्टर

बाई, माझ्याकडे चौथी-पाचवीच्या गणिताचे साठेक फसवे प्रश्न आहेत, युनिकोडमध्ये टाइप केलेले, भेळ होणार नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. परिसर अभ्यासाचे कोणाकडे असतील तर इथेच टाका, मला पण हवेत.

पाचवीच्या_बाई

व्यनि केलाय सर. परिसर अभ्यासाचे १२ झालेत माझे, रविवारी टाकीपाशी जाऊन चढवते.