उजवा पंख लांब का?

१९०३ च्या राइट फ्लायरच्या, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या इंजिनवाल्या विमानाच्या नकाशात उजवा पंख डाव्यापेक्षा लांब दिसतो, ती छपाईची चूक आहे का, असा प्रश्न पडतो. चूक नाही. तो पंख खरोखरच सुमारे ४ इंच लांब होता. वैमानिक मध्यरेषेच्या डावीकडे पालथा झोपायचा आणि इंजिन उजवीकडे बसवलेलं. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणून त्या बाजूला थोडी जास्त उचल हवी होती. मला हा तपशील फार आवडतो!

बाकी आकडे असे: पंखांचा एकूण विस्तार ४० फूट ४ इंच, रिकामं वजन साधारण २७४ किलो, चार सिलिंडरचं १२ अश्वशक्तीचं इंजिन. ते राइट बंधूंचा मेकॅनिक चार्ली टेलर याने त्यांच्याच सायकलच्या दुकानात सहा आठवड्यांत तयार केलं. पेट्रोलला पंप नव्हता, वरच्या टाकीतून ते आपोआप खाली यायचं. इंजिन एकच, पंखे (प्रोपेलर) दोन, तेही साखळीवर फिरणारे. दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेने फिरावेत म्हणून एका साखळीला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ दिला होता. सायकलवाल्यांनाच सुचावं असं काम.

१७ डिसेंबरचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, पण त्याच दिवशीचं चौथं ५९ सेकंदांचं आणि ८५२ फुटांचं होतं. ते सहसा कोणी सांगत नाही.