‘सगळ्यांसाठी’ व्हर्च्युअल ग्रुप राइड: जाहिरात अशी करतात का?

खडकवासला_लूप: "रविवारी सकाळी ६ ला ४० किमी व्हर्च्युअल ग्रुप राइड, सगळ्यांसाठी! खड्ड्यांत हाडं मोडण्यापेक्षा घरात घाम गाळा. जास्तीत जास्त ग्रुपवर टाका." आज हा मेसेज पुण्यातल्या प्रत्येक सायकल ग्रुपवर फिरतोय. म्हणजे घरात सायकल ट्रेनरवर (जागेवर चालवायच्या यंत्रावर) लावून ॲपमधल्या रस्त्यावर सगळ्यांनी मिळून चालवायची. ॲप कोणतं, झ्विफ्ट की मायव्हूश? सपाट रूट की चढ? पेस (वेग) किती? यातलं काहीच त्यात नाही. झ्विफ्टवरचा अल्प दू झ्विफ्ट हा घाट १२.२ किमीचाच आहे, पण १,०३६ मीटर चढ आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ वॉट ताकद लावणाऱ्याला तिथे दीड तासाच्या वर लागतो. नवा माणूस असा एकदा मागे पडला की ट्रेनर विकायला काढतो. आणि रस्त्यावर चालवणाऱ्यांना घाबरवून माणसं कशाला जमवता?

बाणेर_टर्बो: मेसेज मीच टाकलाय. झ्विफ्टवरचा मीटअप आहे, म्हणजे आमंत्रितांची राइड; त्यात 'सगळे एकत्र' हे सेटिंग चालू ठेवणार. २०० वॉटवाला आणि ११० वॉटवाला एकाच घोळक्यात राहतात. पायडल मारत राहिलं की झालं. पाच पानी नोटीस कुणी वाचत नाही, काका.

कात्रज_३४: एकत्र ठेवणं बंद असेल तेव्हा खरी बोंब होते. ॲपमध्ये स्वतःचं वजन कमी टाकणाऱ्यांबद्दल कुणीच बोलत नाही! ७० किलोचा माणूस २०० वॉटला किलोमागे २.८६ वॉटवर असतो. त्यानेच ६२ टाकलं की ३.२३. चढावर तो भुर्रकन निघून जातो आणि खरं वजन टाकणारे मागे घाम पुसत बसतात.

बाणेर_टर्बो: ही रेस नाही. विषय सोडून भांडू नका.

कात्रज_३४: विषय हाच आहे! टायरवर चालणारे ट्रेनर तर आणखी वाईट. हवेचा दाब रोज वेगळा, टायरला टेकणारा रोलर कधी सैल कधी घट्ट, आणि थंड टायरवरच कॅलिब्रेशन (वॉट जुळवणं). दाब दर वेळी सारखा ठेवा, १० मिनिटं चालवून टायर गरम करा, मग स्पिनडाउन करा, म्हणजे वेग वाढवून चाक आपोआप थांबू द्या, त्यावरून वॉट जुळतात. नाहीतर दिसणारे वॉट खोटे. नुसत्या स्पीड सेन्सरवाल्यांचा आकडा तर निव्वळ अंदाज असतो.

खडकवासला_लूप: हे सगळं खरं, पण नवख्याला आधी राइडमध्ये शिरता तरी येऊ दे. ट्रेनर ब्लूटूथवर दुसऱ्याच ॲपला जोडलेला राहतो, इथे सापडत नाही. ऐन ६ वाजता ॲपचं अपडेट सुरू होतं. आमंत्रण पोचलेलंच नसतं. मीटअपला १०० ची मर्यादा आहे, म्हणून शहरभर फॉरवर्ड करून उपयोग नाही.

बाणेर_टर्बो: १०० चा मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण पावसाळ्यात लोकांनी करायचं काय? ओल्या बोपदेव घाटात उतरायचं?

खडकवासला_लूप: ट्रेनर चालवू नका असं कुठे म्हटलंय मी? पण घरात ब्रेक नाही, हाताचे इशारे नाहीत, पुढच्याच्या चाकाशी अंतर राखणं नाही. तिथून थेट रस्त्यावरच्या ग्रुपात येणारा माणूस दुसऱ्यांना पाडतो. हे जाहिरातीत लिहा.

बाणेर_टर्बो: ते नाही लिहिणार, तो वेगळा विषय. नवा मेसेज असा: "झ्विफ्ट मीटअप, टेम्पस फ्युजिट रूट, सपाट, ६० मिनिटं, सगळे एकत्र. ५:४५ ला ट्रेनर जोडून तयार. समोर पंखा, दोन बाटल्या पाणी. नाव कळवा, आमंत्रण पाठवतो."

कात्रज_३४: आणि खरं वजन!

बाणेर_टर्बो: एकत्र ठेवलंय, तिथे वजनाने काय फरक पडतो?

कात्रज_३४: सवय लागते. लिहा.