पट्टा गळ्यात नको, हार्नेसला
कुत्र्या-मांजरांना फिरवायची ढकलगाडी (पेट स्ट्रोलर) घेताना वजनमर्यादा बघा, असं बरेच जण सांगतात, ते बरोबरच. पण वजनापेक्षा लांबी जास्त फसवते. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजा आणि आत प्राण्याला वळून बसता येईल एवढी जागा धरा. आमची म्हातारी कुत्री वजनात बसली, पण पाय पसरता येईनात म्हणून सारखी उठायची.

आतला सुरक्षापट्टा मात्र कॉलरला कधीच अडकवू नका. उडी मारली तर गळफास बसतो. हार्नेसलाच (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याला) लावा आणि तोंड काठाबाहेर जाणार नाही इतपतच ढील द्या. थांबलात की आधी ब्रेक, मग बाकीचं. सरकत्या जिन्यावर गाडी नेऊच नका, लिफ्ट शोधा.

उन्हाचं मात्र कुणी बोलत नाही. जाळी असली तरी झाकलेल्या गाडीत हवा कोंडते. कुत्र्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंग थंड ठेवतात. चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. जोरात धापा, लाळ दिसली की लगेच सावलीत काढा.

मांजराला आधी चार-पाच दिवस उभ्या गाडीत घरातच झोपू द्या.