सर्वधर्म बैठकांनी गावातली भांडणं मिटतात का?

खाडीकाठ: 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी शिमगा रमजानमध्येच आला. रात्री ग्रामदेवतेची पालखी निघते तेव्हाच मशिदीत तरावीची नमाज असते आणि रस्ता एकच. अशा वेळी तालुक्याला शांतता समितीची बैठक लागते, पुजारी आणि मौलाना शेजारी बसतात, फोटो निघतो. या धर्मसंवादावर माझा विश्वास नाही. गावचे मानकरी आणि मुस्लिम जमातीची माणसं बसून पालखीची वेळ ठरवतात, वाजप कुठे थांबवायचं ते ठरवतात, तेव्हा तंटा टळतो. कुठल्या ग्रंथात काय लिहिलंय, हे तिथे कोणी काढत नाही.

तांडेल: अर्धंच पटलं. भिवंडी आठवा. 1970 आणि 1984 ला तिथे भीषण दंगली झाल्या. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्हीकडची माणसं नेमाने एकत्र बसू लागली. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. हा संवाद नव्हे तर काय?

खाडीकाठ: संवादच. पण साध्या रहिवाशांचा, आणि पोलिसांना सोबत घेऊन. मंचावरचा नव्हे.

नारळीबाग: धर्माबद्दल बोलायचंच नाही, हे मला धोक्याचं वाटतं. अलिबागकडे बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, तेल गाळायचे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. शेजाऱ्याचा धर्म रोजच्या व्यवहारातून कळत होता. आता पोरं मुंबईला नाहीतर आखातात, आणि एकमेकांबद्दल जे कळतं ते मोबाईलवरच्या विखारी व्हिडिओंतून. रोजा म्हणजे काय, पालखी घरी येते म्हणजे काय, हे या पोरांना समोरासमोर बसवून कोण सांगणार? आजची जाणती माणसं गेल्यावर वेळ तरी कोण ठरवणार?

आबोली: आणि बोलणार कोण? मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 1966 मध्ये तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला. पुजारी आणि मौलाना दोघांनीच समाजाच्या वतीने बोलायचं ठरलं, तर अशा माणसाला बैठकीत खुर्ची मिळेल? त्या सात जणींना? बायकांना वगळून झालेली शांतता मला मान्य नाही.

खाडीकाठ: हे मोलाचं बोललात. 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे, समिती ग्रामसभा निवडते. बायका, तरुण, दोन्ही समाज तिथेच घ्या. नवी परिषद कशाला?

तांडेल: घ्या, शिमग्याच्या आधीच्या ग्रामसभेत विषय मांडा. पण पुजारी-मौलानांना बाहेर ठेवू नका. अफवा उठते त्या रात्री जमाव ऐकला तर त्यांचंच ऐकतो, समितीच्या अध्यक्षाचं नाही.