मित्राचं मरण चित्रांत मांडायचा हक्क कुणाला?

शाईपेन:
जड विनिकची 'पेद्रो अँड मी' (२०००) ही चित्रांतून सांगितलेली आठवणींची कथा, हे पुस्तक, काल रात्री एका बैठकीत वाचून काढलं. १९९४ मध्ये एमटीव्ही वाहिनीच्या 'द रिअल वर्ल्ड' या रिअॅलिटी मालिकेसाठी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घरात अनोळखी तरुण एकत्र राहिले. त्यात व्यंगचित्रकार विनिक होता आणि लहानपणी क्यूबातून बोटीने आलेला पेद्रो झमोराही. पेद्रोला १७व्या वर्षी एचआयव्ही असल्याचं कळलं, पुढे तो शाळाशाळांत जाऊन त्यावर बोलायचा. मालिकेचा शेवटचा भाग लागला आणि काही तासांत, ११ नोव्हेंबरला, तो गेला. वय २२. हे पुस्तक आपल्याकडच्या कॉलेजांच्या वाचनालयांत असायलाच हवं.

उंबरठा:
मला पटत नाही. पेद्रो स्वतः उत्तम बोलायचा, अमेरिकी काँग्रेसपुढेही बोलला. त्याची गोष्ट मित्राच्या तोंडून का ऐकायची? मित्र काय शिकला, मित्र कसा बदलला! पेद्रोचा जोडीदार शॉन सॅसर याने सांगितली असती तर ती किती वेगळी झाली असती.

शाईपेन:
अहो, पण पेद्रोचा आजार मेंदूत गेला होता. तो अंथरुणाला खिळल्यावर त्याची भाषणं विनिकनेच पुढे केली. शिवाय एड्स झालेल्या माणसाबरोबर एका घरात राहायचं म्हटल्यावर आपण घाबरलो होतो, हे तो लपवत नाही. आपल्यातले बहुतेक वाचक त्याच भीतीपाशी उभे आहेत.

पाणवठा:
माझा रूममेट १९९६ साली गेला. एचआयव्हीवरची प्रभावी औषधं अमेरिकेत नुकती आली होती, आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी, म्हणजे हाच औषधोपचार, सुरू झाली २००४ मध्ये. घरच्यांनी गावात कावीळ सांगितली. तेराव्याला गेलो तेव्हा मीही कावीळच म्हणालो. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. मला चित्रं काढता येत असती तर मी तेव्हाच काढली असती.

उंबरठा:
वाचून वाईट वाटलं. तरी विचारते, त्याची परवानगी होती? पेद्रोने कॅमेऱ्यासमोर स्वतःहून सांगितलं होतं. तुमच्या मित्राने तुम्हाला एकट्यालाच सांगितलं असेल.

पाणवठा:
हो, एकट्यालाच. म्हणून त्याचं नाव, गाव इथेही लिहीत नाही. पण परीक्षेच्या रात्री दोन वाजता तो आलं ठेचून चहा करायचा, आणि पहिला कप मला द्यायचा. एवढं तरी मला सांगू द्या.