गोरिलीझर: एएमडी६४ आणि एआरएम६४ इमेज एका टॅगखाली येत नाहीत, मॅनिफेस्टवर अडतंय

मांडवी_दरवाजा
मकरपुरा जीआयडीसीतल्या मशीनची रीडिंग गोळा करणारी गो-मधली छोटी सर्व्हिस आहे. बडोद्याच्या ऑफिसातला सर्व्हर एएमडी६४ (इंटेल/एएमडी प्रोसेसरचा), शॉपफ्लोअरवर रास्पबेरी पाय ४, म्हणजे एआरएम६४ प्रोसेसरचा छोटा संगणक. दोन्हीकडे डॉकर इमेजचा एकच टॅग (आवृत्तीचं नाव) पुल व्हावा, एवढंच हवंय. रिलीझ गिटहब ॲक्शन्सवरून गोरिलीझरने (गो-चे प्रोग्राम बांधून प्रसिद्ध करणारं टूल) होतं आणि इमेज गिटहबच्याच रजिस्ट्रीत जाते. कॉन्फिगमध्ये ‘डॉकर्स’खाली दोन नोंदी, दोन्हीत बिल्डएक्स (डॉकरचं इमेज बांधणारं प्लगइन), आणि खाली ‘डॉकर मॅनिफेस्ट्स’, म्हणजे कुठल्या प्रोसेसरला कुठली इमेज ते एका टॅगखाली सांगणारी यादी. दोन्ही इमेज पुश होतात, पण मॅनिफेस्ट बनवताना ‘इज अ मॅनिफेस्ट लिस्ट’ म्हणून सगळं थांबतं. माझ्या लॅपटॉपवर हाच कॉन्फिग बिनबोभाट चालतो.
दुसरं, डॉकरफाइलमध्ये सर्टिफिकेटसाठी ‘एपीके ॲड’ (अल्पाइन लिनक्सची पॅकेज बसवणारी कमांड) आहे. त्यावर एआरएमच्या बिल्डला ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ यायचा, क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं टूल) लावल्यावर गेला, पण बिल्ड फार रेंगाळतं. गोरिलीझरच्या नव्या ‘डॉकर्स व्ही२’ विभागावर जावं का?

रावपुरा_टर्मिनल
पुश झालेल्या एआरएम६४ टॅगवर ‘डॉकर बिल्डएक्स इमेजटूल्स इन्स्पेक्ट’ चालवा. प्लॅटफॉर्मच्या दोन नोंदी दिसतील: लिनक्स/एआरएम६४, आणि तिच्याखाली अननोन/अननोन. ही दुसरी नोंद म्हणजे बिल्डचा दाखला, प्रोव्हेनन्स. जानेवारी २०२३ मधल्या बिल्डएक्स ०.१० पासून तो न मागता जोडला जातो. इमेज आणि दाखला एकत्र ठेवायचे तर वर इंडेक्स (मॅनिफेस्टची यादी) लागतो, म्हणजे तुमची ‘एकाच आर्किटेक्चरची’ इमेज आधीच यादी झालेली असते. ‘डॉकर मॅनिफेस्ट क्रिएट’ला साधे, एकेका इमेजचे मॅनिफेस्ट हवे असतात. यादीत यादी ते घेत नाही.
लॅपटॉपवर चालतं कारण तिथे बहुधा डॉकरचं जुनं इमेज स्टोअर आहे. त्यात लोड होताना दाखला गळून पडतो. नव्या कंटेनरडी स्टोअरमध्ये तो टिकतो, आणि डॉकर इंजिन २९ पासून नव्या इन्स्टॉलवर कंटेनरडीच मिळतं.
उपाय एका ओळीचा: दोन्ही नोंदींच्या ‘बिल्ड फ्लॅग टेम्प्लेट्स’मध्ये ‘--प्रोव्हेनन्स=फॉल्स’ घाला.
तिथेच ‘--प्लॅटफॉर्म’ आहे ना, तेही बघून घ्या. नोंदीतला ‘गोआर्च’ फक्त बायनरी (तयार प्रोग्रामची फाइल) निवडतो. बेस इमेज निवडणं ‘--प्लॅटफॉर्म’चं काम. तो विसरला तर एआरएमची बायनरी एएमडीच्या बेसवर जाऊन बसते, बिल्ड हिरवं दिसतं, मॅनिफेस्टमध्ये दोन्ही नोंदी एएमडी६४ होतात आणि रास्पबेरी पाय म्हणतो ‘नो मॅचिंग मॅनिफेस्ट’. सगळ्यात चकवा देणारी चूक हीच, कारण रिलीझच्या लॉगमध्ये काहीच लाल नसतं.
अडलेलं रिलीझ त्याच टॅगवर परत चालवायला हरकत नाही. गोरिलीझर आधी इमेज, मग मॅनिफेस्ट आणि गिटहब रिलीझ त्यानंतर करतो. तुमचं मॅनिफेस्टवरच थांबलंय, म्हणजे रिलीझ पान अजून बनलेलंच नाही.

सुरसागर_काठ
क्यूईएमयू काढून टाका, तुम्हाला ते लागतच नाही. गो-चं क्रॉस कंपाइल (दुसऱ्या प्रोसेसरसाठी बायनरी बनवणं) गोरिलीझरने आधीच केलेलं असतं. डॉकरफाइलने ती बायनरी फक्त कॉपी करायची. ‘रन’ची ओळ आली की ती टार्गेटच्या आर्किटेक्चरवर चालवावी लागते, म्हणून एम्युलेशन आणि म्हणून रेंगाळणं.
बेस म्हणून गूगलची ‘डिस्ट्रोलेस स्टॅटिक’ घ्या. रूट सर्टिफिकेट आणि टाइमझोनचा डेटा तिच्यात असतोच, ‘एपीके’ची गरज संपली. दोन पथ्यं मात्र पाळा. तिच्यात शेल नाही, म्हणून ‘एन्ट्रीपॉइंट’ चौकटी कंसातच लिहा. आणि ‘सीजीओ एनेबल्ड’ (गो-मध्ये सी कोड जोडायची सोय) शून्य ठेवा. नाहीतर फाइल समोर असूनही कंटेनर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणतो, कारण हरवलेला असतो तो डायनॅमिक लिंकर (सुरू होताना लायब्ररी जोडणारा), तुमची फाइल नव्हे.
बिल्डचा कॉन्टेक्स्ट म्हणजे तुमची रेपो नव्हे, हेही लक्षात असू द्या. गोरिलीझर तात्पुरत्या फोल्डरमध्ये बायनरी आणि डॉकरफाइल ठेवतो, बस्स. कॉन्फिगची नमुना फाइल वगैरे हवी असेल तर ‘एक्स्ट्रा फाइल्स’मध्ये नाव द्या.

मांडवी_दरवाजा
प्रोव्हेनन्स बंद केल्यावर मॅनिफेस्ट झालं. ‘रन’ काढल्यावर क्यूईएमयूची स्टेपही उडवली. आता व्ही२चं सांगा.

रावपुरा_टर्मिनल
जा. गोरिलीझर २.१२ पासून आहे. दोन नोंदी आणि मॅनिफेस्टचा विभाग जाऊन एकच नोंद उरते: इमेज, टॅग, प्लॅटफॉर्म. सगळे प्लॅटफॉर्म बिल्डएक्सच्या एकाच फेरीत बांधून पुश होतात. शेवटी इंडेक्सच बनवायचा असल्यामुळे दाखल्याचं भांडणही मिटतं, ‘--प्रोव्हेनन्स=फॉल्स’ काढून टाका.
डॉकरफाइल बदलावी लागेल. कॉन्टेक्स्टमध्ये बायनरी आता लिनक्स/एएमडी६४, लिनक्स/एआरएम६४ अशा फोल्डरांत असतात. म्हणून ‘फ्रॉम’च्या खाली ‘आर्ग टार्गेटप्लॅटफॉर्म’ आणि कॉपीच्या वाटेत सुरुवातीला तोच व्हेरिएबल. ‘आर्ग’ची ओळ ‘फ्रॉम’च्या वर गेली तर कॉपीच्या वेळी व्हेरिएबल रिकामा राहतो आणि फाइल सापडत नाही.
रनरवर (गिटहब ॲक्शन्सच्या मशीनवर) ‘मल्टी-प्लॅटफॉर्म बिल्ड इज नॉट सपोर्टेड फॉर द डॉकर ड्रायव्हर’ आलं तर ‘डॉकर-कंटेनर’ ड्रायव्हरचा बिल्डर लावा. डॉकरची सेटअप-बिल्डएक्स ॲक्शन तेच करते. जुना आणि नवा विभाग एकाच टॅगवर मात्र एकत्र ठेवू नका, जो नंतर पुश होईल तोच टॅगवर उरेल.
जुन्या पद्धतीतले ‘-एआरएम६४’ शेपटीचे टॅग आता बनणार नाहीत. पायवर कुठे ते थेट लिहिलेले असतील तर आधी बदला.

दांडियाबाजार
एक जोड. पायवर ‘यूनेम -एम’चं उत्तर बघून भुलू नका. रास्पबेरी पाय ओएस ३२ बिट असली तरी कर्नल ६४ बिट असू शकतो, आणि मग ते ‘एआर्च६४’ सांगतं. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ने ‘एआरएमएचएफ’ दाखवलं, तर डॉकरही ३२ बिटचाच असतो. अशा पायसाठी बिल्ड्समध्ये ‘गोआर्म’ ७ आणि प्लॅटफॉर्ममध्ये लिनक्स/एआरएम/व्ही७ ही तिसरी नोंद लागेल.